मधीलराव

तेराव्याच्या पंगतीत वेबसाइटचा विषय काढणारा माणूस नांदेडात एक असेल आणि लातुरात त्याच्यासारखाच दुसरा असेल, असा माझा समज होता. चौकशी केली तर दोन्हीकडं तोच निघाला. अर्धा आठवडा नांदेड, अर्धा लातूर. मधला लोहा, अहमदपूर, चाकूर हा रस्ता त्याला खड्ड्यांसकट पाठ. रविवारी काय करतात, असं त्याच्या बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "घरीच असतात, पण दिसत नाहीत." आतून आवाज आला, "दिसत नाही म्हणजे कंटेंट कमी पडतंय!"

हा गृहस्थ लोकांना वेबसाइटसाठी मजकूर लिहून घ्यायला लावतो. वेबसाइट नव्हे, ती एव्हाना प्रत्येकाच्या भाच्यानं करून दिलेली असते. हा म्हणतो, नुसती वेबसाइट काय चाटायची? तिच्यात वाचण्यासारखं काही असलं तर लोक गुगलवर शोधतील तेव्हा तुम्ही सापडाल. मुद्दा बरोबर आहे. बरोबर मुद्द्याचा माणूस किती छळू शकतो, ते मी त्याच्याकडून शिकलो.

छळाची पद्धत ठरलेली. आधी तुमचाच फोन मागून घेतो. "जरा तुमचं नाव टाकून बघू की, सर." मी पेन्शनर माणूस, मला कुणी शोधत यावं असं काही माझ्या हातून घडलेलं नाही. तरी तो नाव टाकतो, वर-खाली सरकवतो आणि रेशनकार्डातून माझं नाव कटल्यासारखा चेहरा करून फोन परत देतो. "दुसऱ्या पानावरसुद्धा नाहीत तुम्ही." रात्री मी गुपचूप स्वतः शोधलं. माझ्या नावाचा एक इसम सांगलीकडं कुक्कुटपालन करतो आणि तो पहिल्या पानावर आहे.

हेही सोसलं असतं. त्याचं 'मधील' सोसवत नाही.

कुणी 'दातांचा डॉक्टर' एवढंच शोधत नाही, 'नांदेडमधील दातांचा डॉक्टर' शोधतो, म्हणून पानावर गावाचं नाव आलं पाहिजे, हा या धंद्यातला बाळबोध धडा. याच्या बाबतीत तो हातातून तोंडात गेला. घरी आला की म्हणणार, "वहिनी, नांदेडमधील घरगुती चहा एक नंबर झालाय." उन्हातून आला की, "काय हो हे नांदेडमधील ऊन!" मुलगी झाली तेव्हा त्यानं सगळ्यांना पाठवलेला निरोप माझ्या फोनमध्ये अजून आहे: "नांदेडमधील नामांकित दवाखान्यात सुलभ प्रसूती, कन्यारत्न, आजच भेट द्या." माहूरला रेणुकामातेपुढं हात जोडून उभा होता, तेव्हा मी कान देऊन ऐकलं. "आई, मी नांदेडमधील." मी म्हटलं, अरे, देवीला सांगावं लागतं का? तर म्हणे, "लांबून लांबून लोक येतात सर, तिला कसं कळावं?" आणि त्या तेराव्याला वडील गेलेल्या पोराचा हात हातात घेऊन तो म्हणाला, "नांदेडमधील जुन्या पिढीतलं विश्वसनीय नाव गेलं." पोरगं रडता रडता थांबलं आणि याच्याकडं बघत राहिलं.

तेव्हापासून आम्ही त्याला मधीलराव म्हणतो. त्याला हे नाव आवडलेलं दिसतं. फक्त त्याच्या मते त्यात गाव नाही.

'लातूर रोड' नावाचं स्टेशन लातुरात नसून चाकूरजवळ आहे, याचा त्याला वैयक्तिक त्रास होतो. "रेल्वेनं कीवर्डचं वाटोळं केलंय," असं तो त्या फाट्यावरून जाताना दर वेळी म्हणतो. २०११ साली गुगलनं 'पांडा' नावाचा बदल आणला आणि तेच तेच शब्द कोंबलेली, आत काही नसलेली पानं खाली ढकलली. मधीलरावांनी तोपर्यंत केलेली सगळी कामं त्यात झोपली. महिनाभर तो वजिराबादेतल्या टपरीवर "पांडानं खाल्लं, पांडानं खाल्लं" करत बसायचा. टपरीवाल्यानं शेवटी मला विचारलं, "हा पांडा कोण हो? लैच डेंजर दिसूलालाय." तेव्हापासून तो लिहिताना शहाणा झाला. बोलताना झाला नाही.

आता त्याच्या गिऱ्हाइकांविषयी. मधीलरावांवर राग यायला लागला की मी ही माणसं आठवतो.

गुरुद्वाऱ्याजवळचे एक लॉजवाले. २००८ साली गुरू-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीला गावाचे रस्ते रुंद झाले, त्या सुमारास लॉज उभा राहिला. त्यांचं म्हणणं, "आमाला सगळं नांदेड ओळखतंय." मधीलराव म्हणाला, "मालक, नांदेडचा माणूस तुमच्या लॉजवर कशाला उतरंल? बायकोनं घराबाहेर काढलं तरच." सचखंड एक्स्प्रेसनं अमृतसरकडून येणारा यात्रेकरू फोनवर 'नांदेड' लिहीत नाही, 'हुजूर साहिब' लिहितो, स्टेशनच्या पाटीवरही तेच आहे, आणि तुमच्या वेबसाइटवर ते दोन शब्द कुठंच नाहीत. मालकांनी हे शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग पाटी मोठी करू का?"

डॉक्टर लेनमधले एक सर्जन. त्यांनी मेडिकल कौन्सिलची २००२ ची नियमावली पुढं केली: डॉक्टरनं जाहिरात करायची नसते. (दवाखान्याच्या वर्धापनदिनी पेपरात शुभेच्छांचं पान भरून येतं, ती जाहिरात नसते, तो जनतेचा स्नेह असतो.) मधीलराव म्हणाला, जाहिरात नको, माहिती लिहू. मुतखडा कशानं होतो, पाणी किती प्यावं, दुखलं तर काय करावं. डॉक्टर वैतागले. "मुतखडा झालेला माणूस वाचत बसतो का?"

"रात्री दोन वाजता तो दुसरं काय करतो, सर?"

डॉक्टर गप्प झाले. मला वाटतं, त्या दिवशी त्यांनी मुतखड्याचा रुग्णाच्या बाजूनं पहिल्यांदा विचार केला. लेख मात्र घेतला नाही.

लातूरला तर शब्दांचं आणखी वाकडं. तिथं क्लासवाले निकालाच्या दिवशी चौकाचौकात पोरांचे चेहरे लावतात. एकच पोरगं तीन क्लासच्या फलकांवर हसत असतं आणि कुणाचं ते त्याच्या आईलाही सांगता येत नाही. फ्लेक्सवर पैसा पाण्यासारखा, पण क्लासमध्ये शिकवतात काय, याच्या चार ओळी वेबसाइटवर नाहीत. सगळं फोटोत. मधीलरावांनी एका सरांना समजावलं की फोटोतल्या अक्षरांवर गुगलचा भरवसा नसतो, त्याला सरळ टाइप केलेलं लागतं. सर म्हणाले, "वाचता येत नाही त्याला? पाठवा आमच्याकडं, फाउंडेशनला घालू." लातूर पॅटर्नचा हा आत्मविश्वास मी तरी कुठं पाहिला नाही.

पण माझे सगळ्यांत आवडते गिऱ्हाईक म्हणजे डाळमिलवाले शेठ. गंजगोलाईला फुटणाऱ्या सोळा रस्त्यांपैकी एका रस्त्यावर त्यांची पेढी. वेबसाइट भाच्याची. त्या वेबसाइटवर 'आमच्याविषयी' या मथळ्याखाली 'लोरेम इप्सम'नं सुरू होणारा परिच्छेद ठाण मांडून बसलेला होता. मजकूर येईपर्यंत जागा अडवायला डिझाइनवाले टाकतात तोच. सिसेरोच्या ग्रंथातले तुकडे उलटेपालटे करून बनवलेला. शेठना वाटत होतं ते इंग्रजी आहे. "एक्स्पोर्टसाठी टाकलंय."

"शेठ, हे इंग्रजी नाही. लॅटिन आहे." मधीलरावांनी घसा खाकरला. "रोममधील."

मग दराचा सौदा. मधीलराव म्हणाला, शब्दाला रुपया. शेठनी आयुष्यभर तूर मोजून घेतलेली. "ह्याच्यात कडता किती कापायचा?" म्हणजे पोत्यामागं मातीकचऱ्याचं वजन वजा करतात, तसं. "'आणि', 'व', 'पण' ह्यांचे पण रुपये?" हमाली-तोलाई कुणाकडं, ओलाव्याचं काय, हेही विचारून झालं. शेवटी म्हणाले, "आणि लिहायचं काय त्यात? तूर येते, डाळ जाते."

इथंच मधीलरावांची खरी करामत असते. तो वही काढतो आणि भाबडेपणानं विचारतो, "येते तेव्हा कशी असते, जाते तेव्हा कशी असते?" शेठ सांगू लागले. आधी चाळणी, मग सालीवर ओरखडा, मग तेलाचं बोट, मग पाण्याचा शिपका, मग गच्चीवर ऊन. ऊन किती दिवस, हे तुरीला हात लावूनच कळतं. फटका डाळ चांगली कधी म्हणायची. दिवे लागले तरी शेठ बोलतच होते. बोलता बोलता १९९३ च्या ३० सप्टेंबरवर आले. भूकंपाच्या त्या पहाटेनंतर त्यांच्या वडिलांनी मिलमधून गाडीभर डाळ किल्लारीकडं काढली. मुनीमजी बिल घेऊन आले आणि विचारलं, कुणाच्या नावानं फाडू? वडिलांना उत्तर सुचलं नाही. वहीत त्या पानावर नुसतं 'किल्लारी' लिहिलेलं आहे, पुढं रकमेचा रकाना मोकळा. हे शेठच्या मुलांनाही माहीत नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं. भाच्यानं तर थेट सिसेरोला बोलावलं होतं.

मधीलरावांनी ते सगळं लिहिलं. शेठनी किल्लारीचा भाग काढायला लावला. धंद्याच्या पानावर हे नको म्हणाले. पण त्या भागाची एक छापील प्रत मागून घेतली आणि घडी करून गल्ल्यात ठेवली. त्या काढलेल्या शब्दांचेही पैसे दिले. कडता न कापता.

मला हे मधीलरावांनी सांगितलेलं नाही. त्याला यात सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं, कारण ते पान गुगलवर चढलंच नव्हतं. शेठकडून कळलं. तेव्हापासून तो दारात दिसला की मी आतल्या खोलीत जाणं बंद केलं आहे. त्याची स्वतःची वेबसाइट विचाराल तर 'लवकरच येत आहे' असं लिहून कित्येक वर्षं तशीच आहे. "वेळच मिळंना हो," म्हणतो.

आता त्याच्या धंद्यात नवीनच प्रकरण आलं आहे. गिऱ्हाइकं म्हणतात, ते एआय फुकट लिहून देतंय की. मुतखड्यावर म्हणा, मोत्यांच्या नथीवर म्हणा, चहा येईस्तोवर पानभर तयार. आणि गुगल स्वतःच वरती उत्तर देऊन टाकतं. खाली उतरून तुमचं पान उघडतंय कोण? गेल्या वर्षी लातूरच्या बाहेरच्या एका हॉटेल-लॉजिंगवाल्यांनी मधीलरावांना मुद्दाम बोलावून तसलं पान दाखवलं. भाच्यानं करून घेतलेलं. पहिलीच ओळ होती: 'बारमाही जलसमृद्धीनं नटलेल्या लातूरमधील निसर्गरम्य वातावरणात आपलं स्वागत आहे.'

जलसमृद्धी. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून 'जलदूत' नावाची आगगाडी पाणी घेऊन ज्या गावाला आली, ते हे लातूर. पहिल्या खेपेला दहा टँकर वाघिणी, पाच लाख लिटर. त्याच्या आधी पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणं होतील म्हणून जमावबंदी लागली होती. त्या उन्हाळ्यात मधीलराव लातूरला जाताना नांदेडहून पाण्याचा कॅन घेऊन जायचा, गिऱ्हाइकाला भेट म्हणून. आणि एरवी पेढा देऊनही न बसवणारे लोक तेव्हा त्याला खुर्ची द्यायचे.

तो भडकला. मी त्याला भडकलेला कधी पाहिला नव्हता, पण सांगतानाही त्याचा आवाज चढला होता. "मालकाला म्हणलं, ह्याच्यात लातूर हाय कुठं?"

मालकांनी चष्मा लावून मोजलं. "चौदा वेळा हाय की, भैय्या. तुम्हीच तर म्हणत होतात, गावाचं नाव आलं पाहिजे."

यावर मधीलरावांकडं उत्तर नव्हतं. तो मुरमुऱ्यांची सुशीला खाऊन झाल्यावर तिथंच बाकावर बसला आणि पान नव्यानं लिहून काढलं. पैसे सांगितले नाहीत, मालकांनी विचारले नाहीत. मी ते वाचलं आहे. गावाचं नाव त्यात वर पत्त्यात आहे तेवढंच. खाली लिहिलंय: पाणी बोअरचं आहे. उन्हाळ्यात टँकर येतो. आंघोळीला एक बादली मिळेल. दुसरी मागितली तर मालक नाही म्हणत नाहीत, पण त्यांचं तोंड उतरतं. सकाळी सुशीला गरम असते. परीक्षेला आलेल्या पोरांच्या आईवडिलांना खोलीत स्वयंपाक करू देतात.

मालकांनी ते अजून वाचलेलं नाही, म्हणून ते तिथं आहे.