बचावफळीच्या जिवावर चिरंजीव

अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमणाचे खेळाडू वेगळे आणि बचावाचे वेगळे. त्यामुळे एका फळीने हातपाय गाळले की दुसरीला जादा पाळी लागते. आयोवा विद्यापीठाने या व्यवस्थेला संस्थानी थाट दिला. कर्क फेरेंट्झ १९९९पासून मुख्य प्रशिक्षक. आक्रमणाची सूत्रे २०२३पर्यंत चिरंजीव ब्रायन यांच्याकडे होती. घराणेशाहीचा आरोप नको म्हणून कागदोपत्री मुलाचे साहेब वडील नव्हते, क्रीडा संचालक होते! सप्टेंबर २०२२मध्ये आयोवाने साउथ डकोटा स्टेटला ७-३ असे हरवले, एकही टचडाउन न करता, म्हणजे चेंडू एकदाही गोलरेषेपार न नेता. तीन गुण लाथेने मारलेल्या फील्ड गोलचे, उरलेले चार बचावफळीने दोन सेफ्टी मिळवून, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला दोनदा त्याच्याच गोलक्षेत्रात पाडून, आणलेले. त्या मोसमात यार्डांच्या हिशेबात हे आक्रमण १३१ संघांत १३०वे आले. मग विद्यापीठाने कडक पाऊल उचलले: ब्रायन यांच्या करारात सामन्याला सरासरी २५ गुणांची अट घातली. त्यात बचावफळीने केलेले गुणही धरायचे होते. शेजारच्या मुलाचे मार्क मिळवूनही आपला बंड्या पास होतो का, हे पाहायचे!

झाला नाही. २०२३मध्ये सरासरी पंधराच्या आसपास घुटमळली. समर्थक म्हणतील, पण दहा सामने जिंकले ना? जिंकले, आणि दुखणे तिथेच आहे. बचावफळी विजय आणून देत राहिली, म्हणून आक्रमणाची झाडाझडती लांबत गेली. समोर तगडा संघ आला की मात्र हिशेब चुकता व्हायचा. पेन स्टेटविरुद्ध ६० मिनिटांपैकी ४५ मिनिटे चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे होता; आयोवाचे आक्रमण येई, पंट करी, म्हणजे चेंडू लाथेने प्रतिस्पर्ध्याकडे धाडून देई, आणि परत बाकावर बसे. धापा टाकणाऱ्या बचावफळीने ३१ गुण दिले, याचा दोष तिला कसा द्यायचा? त्या मोसमात आक्रमण चालवणारा क्वार्टरबॅक जायबंदी झाला, ही सबब खरी आहे. पण २०२२चा १३०वा क्रमांक त्या दुखापतीच्या आधीचा.

बक्षिसांची वाटणीही बोलकी आहे. बचावाचे प्रशिक्षक फिल पार्कर देशातले सर्वोत्तम सहायक ठरले. पंटर टोरी टेलरने मोसमातल्या पंट-यार्डांचा १९३८पासूनचा विक्रम मोडला. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हवाली करण्यात आयोवाचा हात, म्हणजे पाय, कोणी धरू शकला नाही. ब्रायन यांना मोसमाअखेर नारळ मिळणार हे मोसम संपण्याआधीच जाहीर झाले, वडिलांची खुर्ची शाबूत राहिली. पुढच्या करारात गुणांची अट नकोच. बचावफळीला बाकावर किती मिनिटे टेकायला मिळाले, तेवढेच मोजा आणि त्यावर आक्रमणाच्या प्रशिक्षकाचा पगार ठरवा.