मणका विम्यात, माणूस बाहेर

व्यसनी माणसाची आपली ओळख पक्की आहे: खिशात क्वार्टर, पाय गटारात. कंबरेला पट्टा बांधून, चतुर्थी पाळून, जेवणानंतर वेळच्या वेळी गोळी घेणारे काका त्यात बसत नाहीत.

काकांची ट्रामाडॉल, म्हणजे अफूच्या जातकुळीतली वेदनाशामक गोळी, मणक्यासाठी सुरू झाली. सरकारने २०१८ साली ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणली. काकांकडे ती अजून बीपीच्या गोळीशेजारीच असते. एकाच्या दोन झाल्या, दोनाच्या चार. एखाद्या दिवशी चुकली की घाम, जुलाब, रात्रभर तळमळ आणि कंबरदुखी दुप्पट. गर्दवाले याला टर्की म्हणतात. काकू म्हणतात, "बघा, गोळी बंद केली की कंबर कशी धरते!" आणि पाण्याचा पेला पुढे करतात.

कधीतरी मुलाला शंका येते, मग फेऱ्या सुरू. हाडांचे डॉक्टर म्हणतात, व्यसनमुक्तीला न्या. व्यसनमुक्तीवाले म्हणतात, आधी कंबरेचं बघा. खासगी केंद्र महिन्याचे पैसे आगाऊ मागतं.

मग मेडिक्लेम आठवतो. त्याने मणक्याच्या ऑपरेशनचे पैसे निमूट दिलेले असतात. त्यानंतर सुरू झालेल्या गोळ्यांतून सुटायचं म्हटलं, की वगळलेल्या गोष्टींच्या यादीत बारावा नंबर दाखवतात: दारू, ड्रग्ज, कुठलंही व्यसन आणि त्याचे परिणाम. २०१७चा मानसिक आरोग्य कायदा मात्र व्यसनातून येणाऱ्या मानसिक अवस्थांना आजारच मानतो आणि विमा शारीरिक आजारासारखाच द्या, असं बजावतो. कायदा आणि पॉलिसी यांचं बोलणं बंद दिसतं, भावकी असावी.

फुकटची वाट आहे, पण तिची जाहिरात कोण करणार? ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क आहेत, केसपेपरसकट. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन, तीही मोफत. तिथे दोन्ही दुखणी एकदमच सांगायची, एक घरी ठेवून जायचं नाही. ब्युप्रेनॉर्फिन हे औषध मुळात वेदनेसाठी आलं आणि पुढे अफूजन्य व्यसनावरही वापरात आलं. काकांना ते चालेल का, हे डॉक्टर ठरवतील. विचारायला तर पैसे पडत नाहीत. फक्त "उद्यापासून एकही नाही" हा मर्दानी बाणा नको. मोठ्या डोसची ट्रामाडॉल एकदम तोडली तर फिटही येऊ शकते. ती पायरीपायरीने उतरवायची असते.

काकूंची अडचण वेगळीच. मानसोपचाराच्या पाटीखाली व्याही भेटले तर सांगायचं काय?

सांगा, यांच्या कंबरेसाठी आलोय. खोटं कुठे आहे?