तीन बोल्टांचा समन्वय

विजेच्या फ्लेमप्रूफ डबीबद्दल एक गोड गैरसमज आहे की ती स्फोट होऊच देत नाही. प्रत्यक्षात ती तो आत होऊ देते. आत शिरलेली वाफ ठिणगीने पेटली, तरी झाकणाच्या घासून सपाट केलेल्या कडांमधल्या अरुंद फटीतून बाहेर पडेपर्यंत ज्वाळेचा जीव जातो आणि बाहेरच्या टोल्यूइनच्या वाफेला काही कळत नाही. अट एवढीच की झाकणाचे सगळे बोल्ट जागेवर आणि आवळलेले असावेत.

औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात अशा एका डबीला आठांपैकी तीन बोल्ट आहेत. बाकीचे ‘शटडाऊनला लावू’.

म्हणून समन्वयक नेमण्यात आला. पेट्रोलियमचा परवाना नागपूरच्या ‘पेसो’ या स्फोटक-सुरक्षा संस्थेकडे, कारखाना ‘डिश’ या औद्योगिक सुरक्षा संचालनालयाकडे आणि वीज विद्युत निरीक्षकांकडे. समन्वयकाने तिघांसाठी तीन फायली केल्या. एकाच डबीला तीन फायलींत तीन वेगळे क्रमांक पडले, त्यामुळे कागदावर डब्या तीन आणि बोल्ट नऊ झाले. प्रगती म्हणतात ती हीच.

झोनचा नकाशा मात्र देखणा आहे. जिथे ज्वालाग्राही वाफ सतत असते तो झोन 0, नेहमीच्या कामात अधूनमधून येते तो 1, सहसा येत नाही आणि आलीच तर थोडा वेळ टिकते तो 2. सल्लागाराने हद्दी आखल्या, खरेदी विभागाने फ्लेमप्रूफ दिव्यांच्या किमती पाहिल्या आणि पुढच्या आवृत्तीत झोन 1 पंपाजवळ अंग चोरून उभा राहिला. या फेरबदलाची प्रत सर्व विभागांना गेली. वाफेला गेली नाही.

मध्यंतरी उत्पादन बदलले, सॉल्व्हंट बदलले, मोटारी त्याच राहिल्या. टी3 वर्गाच्या मोटारीचा पृष्ठभाग 200 अंशांपर्यंत तापू शकतो. कार्बन डायसल्फाइडसारखे सॉल्व्हंट शंभराच्या आसपासच पेटते. हा मुद्दा एका तरुण इंजिनियरने बैठकीत काढला. त्याची बदली गोदामात झाली.

डोंबिवलीत मे 2024 मध्ये रिअ‍ॅक्टर फुटला, तेव्हा तातडीची बैठक झाली. तो अपघात रिअ‍ॅक्टरचा होता, विजेचा नव्हे, अशी नोंद समाधानाने करण्यात आली आणि सामोसे आले.

आयएस/आयईसी 60079 या मानकाच्या 17व्या भागात तपासणीच्या तीन पातळ्या सांगितल्या आहेत. सर्वांत सोप्या पातळीला ना शिडी लागते ना पाना, नुसते डोळे लागतात. गहाळ बोल्ट हे त्या पातळीचे मानकातलेच उदाहरण. म्हणजे मानक लिहिणाऱ्यांना आमचा कारखाना आधीच ठाऊक असावा! आमच्याकडेही डोळ्यांनीच तपासतात, पण डबी नाही, प्रमाणपत्र. ते लॅमिनेट केलेले आहे, त्यात वाफ शिरत नाही.

पाच बोल्टांची मागणी अखेर गेली. खरेदी विभागाने तीन कोटेशने मागवली, स्टोअर्सने त्याच मापाचे साधे बोल्ट सुचवले, आणि उत्पादकाने सांगितलेल्याच दर्जाचे हवेत, असे देखभाल विभागाने कळवल्यावर फाईल समन्वयकाकडे परत आली. त्याने तिला चौथा क्रमांक दिला.

तेवढ्यात 4 मार्च, राष्ट्रीय सुरक्षा दिन, जवळ आला आणि सगळा प्लांट रंगवायला घेतला. रंगाऱ्याने डब्या रंगवल्या, झाकणांच्या कडा रंगवल्या आणि प्रमाणपत्र क्रमांकाच्या पितळी पट्ट्यांवरही दोन हात मारले. दुसऱ्या दिवशी तपासणी तक्त्यात शेरा पडला: ‘पट्टीवरील क्रमांक वाचून पडताळला. जुळतो.’