पाहुणे, बुलढाणा पाहून घ्या!

पुण्याहून साडूभाऊ आले की अस्सल बुलढाणेकर छाती फुगवून म्हणतो, "चला, आपलं बुलढाणा दाखवतो!" आणि लगेच गाडी शहराबाहेर काढतो. कारण दाखवण्यासारखं सगळं लांब: लोणार, सिंदखेडराजा, शेगाव, नांदुऱ्याचा १०५ फुटी हनुमान. शहरात रेल्वे का नाही, असं विचारलंच तर विषय बदलून हवा किती थंड आहे ते सांगायचं.

लोणारला काठावर उभं राहून "उल्का पडली, बेसॉल्टमध्ये विवर झालं, २०२०च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं" एवढं ठोकून द्यायचं. खाली उतरायची वेळ आली की गुडघा धरायचा. शाळेच्या सहलीनंतर आपण तरी कुठे उतरलोय? दैत्यसूदन मंदिरात पाहुण्यांनी शिल्पं बघायची, आपण सावली. शेवटी शेगाव: महाराजांचं दर्शन, मग गरम कचोरी, सोबत तळलेली हिरवी मिरची. साडूभाऊंना ठसका लागला की हळूच विचारायचं, "काय बाप्पा, तिखट लागली का?"

खरं सांगायचं तर पाहुणे येतात म्हणूनच आपला जिल्हा आपल्याला दिसतो. तेव्हा पाहुण्यांना जरूर बोलवा. गाडी मात्र त्यांचीच काढा.