चढ नसलेल्या देशात दमावे कसे

पूर्वतयारी म्हणून प्रथम नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला नोकरी मिळवावी. चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या कृपेने ती आधीच मिळालेली असल्यास कॅन्टीनमध्ये डच सहकाऱ्यांसमोर एवढेच म्हणावे, ‘‘आम्ही सिंहगड सायकलने चढलेली माणसं. तुमच्या सपाट देशात काय अवघड आहे?’’ हे वाक्य शुक्रवारी म्हणावे. रविवारपर्यंत मार्ग, सोबती आणि उसनी सायकल यांची सोय आपोआप होते.

ही सायकल ग्रॅव्हल बाइक असते. रेसिंगच्या सायकलीसारखे खाली वळलेले हँडल, पण टायर जाड आणि खाचांचे. पुढे स्वतःची घेतलीत, तर किंमत आईला युरोमध्येच सांगावी आणि लगेच हवापाण्याचा विषय काढावा. नाव ग्रॅव्हल असले तरी खडीची वाट पाहत बसू नये. इथे दगडाचेच दुर्भिक्ष. वाटेत भेटतील त्या विटा, वाळू, शिंपल्यांच्या चुऱ्याच्या पांढऱ्या पायवाटा आणि पाऊस पडून गेलेला असेल तर (असतोच) काळा चिखल.

हवेचे आधी पाहावे. अंगठ्याने टायर दबला नाही की हवा बरोबर, ही आपली शाळेपासूनची समजूत इथे सोडून द्यावी. ४५ मिलिमीटरच्या टायरमध्ये, सत्तरेक किलोच्या माणसासाठी, २ बारच्या आसपास, म्हणजे साधारण ३० पीएसआय पुरते. टायर जरा पसरला की वाळूत कमी रुततो आणि विटांच्या रस्त्यावर दातही जागेवर राहतात.

आइंडहोवनहून निघून गेल्ड्रॉप गाव मागे पडले की स्ट्राब्रेख्तसे हाइडे लागते. हेदर नावाच्या गुडघाभर झुडपांचे हे उघडे माळरान, सुमारे १५०० हेक्टरांचे. ऑगस्टच्या उत्तरार्धात सगळे जांभळे होते, आणि फोटो काढणाऱ्यांच्या गर्दीत पाटी दिसत नाही. इथे ‘काय निसर्ग आहे!’ असे मोठ्याने म्हणू नये. हा निसर्ग शेतकऱ्यांनी केलेला आहे. शतकानुशतके त्यांनी इथे मेंढ्या चारल्या, माळाचा वरचा थर झुडपासकट खरवडून गोठ्यात अंथरला आणि शेणामुताने भिजला की शेतात नेऊन टाकला. शेत पिकले, माळ उपाशी राहिला, आणि उपाशी जमिनीवरच हेदर सुखाने वाढते. पुढे रासायनिक खत आले. मेंढी आणि माळ दोन्ही बिनकामाचे झाले, बहुतेक माळांवर शेती नाहीतर पाइनची झाडे आली. जो माळ उरला, तो आता मेंढ्या मुद्दाम फिरवून राखावा लागतो. एवढे करूनही आसपासच्या डुक्कर-कोंबड्यांच्या शेडमधला अमोनिया हवेतून येऊन माळाला नको तेवढे खाऊ घालतो आणि हेदरच्या जागी गवत माजते. अमोनियातल्या असल्या नायट्रोजनवरून २०१९ मध्ये इथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने सरकारची परवान्यांची पद्धतच मोडीत काढली आणि देशभर बांधकामे अडून बसली. सायकलस्वाराला या अमोनियाचा उपयोग एवढाच, की वाऱ्याची दिशा कळायला मोबाइल काढावा लागत नाही. नाक पुरते.

आता मुख्य विद्या, म्हणजे वाळू. वाळूचा पट्टा लांबून ओळखावा. वाट एकदम फिकट होते, मधोमध घोड्यांच्या टापांचे खड्डे असतात आणि आधी गेलेल्या सायकलींच्या चाकोऱ्या कडेच्या झुडपांकडे पळालेल्या दिसतात. पट्ट्याच्या आधीच दोन गिअर खाली यावे. आत शिरल्यावर ब्रेक नाही आणि पाय थांबवणे नाही. वजन मागे, हात सैल, नजर वाळू संपते तिथे. पुढचे चाक स्वतःच्या मर्जीने डावीउजवीकडे जाईल, जाऊ द्यावे. नवशिका नेमका उलट वागतो. तो चाकाकडे पाहतो, हँडल आवळतो, चाक आडवे होऊन रुतते, आणि सायकल उभ्याउभ्या थांबते. क्षणभर काहीच होत नाही. मग ती अत्यंत सावकाश कलू लागते. बूट पेडलला अडकवलेले असतील तर या अवधीत डावीकडचे हेदर नीट निरखता येते. वाळू मऊ असते, लागत काही नाही. लागते ते मागून येणाऱ्या शाळकरी पोरीने वेग कमी न करता विचारलेले ‘‘ठीक आहात ना?’’

माळावर गुरे मोकळी चरत असतात. पंचवीस मीटर अंतर ठेवा, असे पाटीवर लिहिलेले असते. लांब शिंगांचा बैल मात्र नेमका वाटेवरच रवंथ करत बसतो. आपण गावाकडचे आहोत, हे त्याला सिद्ध करून दाखवू नये. लांबून वळसा घ्यावा.

रस्ता विचारायची गरज सहसा पडत नाही. चौकाचौकात आकडे असतात. घरून निघताना आकड्यांची यादी चिकटपट्टीवर लिहून सायकलीच्या दांडीला लावायची आणि एका आकड्याकडून दुसऱ्याकडे जायचे. ही युक्ती शेजारच्या बेल्जियममधल्या ह्यूगो बोलेन या खाण-इंजिनिअरची. १९९५ मध्ये ती तिथल्या लिम्बर्ग प्रांतात सुरू झाली आणि मग डचांनीही उचलली. ग्रॅव्हलवाले अर्थात आकड्यांकडे ढुंकूनही पाहत नाहीत. त्यांच्या हँडलवर जीपीएस असतो आणि तो त्यांना शेताच्या बांधावर नेऊन सोडतो.

सोमेरेनजवळ झाउड-विलेम्सफार्ट लागतो. राजा पहिला विलेम याने १८२२ ते १८२६ या काळात खोदून घेतलेला हा कालवा, आणि त्याच्या काठचा रस्ता डोळे मिटून सायकल चालवता येईल इतका सरळ. सिंहगडाचा विषय इथे मिटतो. घाटात माणूस दमतो, पण घाटाला माथा असतो आणि माथ्यापलीकडे उतार असतो. पाय थांबवून, तोंडाने वारा खात फुकट खाली यायचे सुख असते. कालव्यावर फुकट काही नाही. पाय थांबले की सायकल थांबते. समोरून वारा, वाऱ्याला आडवे काही नाही, आणि दूरवर दिसणारा पूल अर्ध्या तासानेही तेवढाच दूर. अशा वेळी पुलाकडे पाहू नये. हँडलच्या खालच्या भागाला धरून पाठ आडवी करावी, हलका गिअर घ्यावा आणि सोबत्यांपैकी सर्वांत रुंद खांद्यांच्या माणसाच्या मागे, चाकाला चाक लावून राहावे. त्याला आळीपाळीने पुढे जायचा नियम माहीत असतो. आपल्याला डच समजत नाही.

याच टप्प्यावर मागून घंटी वाजते. सारख्या रंगाची जाकिटे घातलेले सत्तरीचे जोडपे, ताठ बसून, गप्पा मारत, आपल्याला ओलांडून जाते. आजी हात करतात. त्यांच्या सायकलीला मोटर आहे हे दिसले तरी जिवाला लागायचे ते लागतेच. या देशात वाऱ्याविरुद्ध सायकल चालवण्याची राष्ट्रीय स्पर्धा आहे, हे आठवून धीर धरावा. झीलंड प्रांतातल्या समुद्री बांधावर, वादळी वाऱ्यात, गिअर नसलेल्या साध्या सायकलींवर साडेआठ किलोमीटर. लोक हौसेने नावे देतात.

कालवा सोडला की ग्रोटे पील, आणि उत्तरेला हेलेनाफेन. हा पीटचा मुलूख. कुजलेल्या शेवाळाचे थर कापून, वाळवून लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या चुली पेटवल्या. खणून झाले तिथे आज तळी आहेत आणि शरदात तिथे क्रौंच उतरतात. पक्षी पाहायला जाणाऱ्या फळ्यांच्या वाटांवर सायकल नेऊ नये. सिगारेट ओढणारा सोबती असल्यास त्यालाही नेऊ नये. एप्रिल २०२० मध्ये शेजारच्या डर्नसे पीलला आग लागली, तेव्हा वरचा जाळ विझल्यावरही जमिनीखालचा पीट धुमसत राहिला होता.

हेल्मेटविषयी. डच माणूस ऑफिसला जाताना ते घालत नाही, ग्रॅव्हलला घालतो. आपण नेहमीच घालावे. या परिसरातले सर्वांत प्रसिद्ध हेल्मेट १९१० मध्ये पीट खणणाऱ्या एका मजुराला सापडले. चांदीचे, सोन्याचा मुलामा दिलेले, चौथ्या शतकातल्या रोमन घोडेस्वाराचे. सध्या ते लायडनच्या संग्रहालयात आहे. स्वार दलदलीत बुडाला की कोणी ते देवाला वाहिले, यावर वाद आहे. वाट सोडून आडवे घुसावेसे वाटले, की पहिली शक्यता आठवावी.

खाण्याचे फार मनावर घेऊ नये. शाकाहारी माणसाला प्रत्येक कॅफेत सफरचंदाचा केक मिळतो, आणि दर वेळी तोच मिळतो. चिवडा खिशात असावा.

घरी आल्यावर आधी साखळीतली वाळू धुवावी, मग स्वतःला तपासावे. मे ते जुलैमध्ये ओकच्या झाडांखाली थांबला असाल तर सुरवंटाच्या केसांनी अंग खाजेल. ते सहन करावे. गोचीड मात्र शोधून काढावी. गुडघ्यामागे, काखेत, चड्डीच्या इलॅस्टिकखाली. सापडल्यास आईने फोनवर काहीही सांगितले तरी गोचिडीवर खोबरेल तेल टाकू नये. बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी आणि तारीख लिहून ठेवावी. पुढच्या काही आठवड्यांत तिथे लाल वर्तुळ पसरत गेले तर डॉक्टरांकडे जावे. एरवी कशालाही पॅरासिटामॉल सांगणारे इथले फॅमिली डॉक्टर त्या दिवशी खरोखरचे अँटिबायोटिक लिहून देतात, आणि सोमवारी कॅन्टीनमध्ये सांगायला सिंहगडापेक्षा बरा विषय मिळतो.