निवड झाली, पण दिसणार नाही

मे महिन्यात आजोळच्या ओसरीत बसून मी एक फोटो काढला. झोपाळ्यावर आई आणि मावशी, मागे उन्हाने फटफटीत अंगण. घरी येऊन बघतो तर अंगण चुना फासल्यासारखं पांढरं आणि झोपाळ्यावर दोन काळ्या आकृत्या. त्यातली आई कोणती, ते चष्म्याच्या चकाकीवरून ओळखायचं.

इलाज ठाऊक होता: ल्युमिनॉसिटी मास्क. जो ठिपका जितका उजळ, तितका तो मास्कमध्ये पांढरा. मग आपण जी काही करामत करू ती पांढऱ्यावर पूर्ण लागू होते, करड्यावर अर्धीमुर्धी, काळ्यावर शून्य. पांढरं दाखवतं, काळं झाकतं, हे माझ्या डोक्यात बसायला महिना लागला. आमच्या सोसायटीच्या माजी खजिनदारांना एका मिनिटात समजलं असतं.

फोटोशॉपमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि 2 एकदम दाबलं की उजळ भाग निवडला जातो. तो उलटवा, एकमेकांतून वजा करा, जपून ठेवा... टोनी कायपर नावाच्या अमेरिकी छायाचित्रकाराने 2006 मध्ये ही कृती सविस्तर लिहून काढली आणि आमच्यासारख्या हौशी मंडळींच्या रविवारांची वाट लागली. आता प्लगइन आहेत. बटण दाबा, मास्क तयार. मी सोळा दाबली.

त्यातलं ‘मिडटोन’ दाबलं आणि पडद्यावर पाटी झळकली: एकही ठिपका पन्नास टक्क्यांहून जास्त निवडलेला नाही, त्यामुळे निवडीची कड दिसणार नाही. मी दचकलो. प्लगइन बिघडलं की काय? तसं नव्हतं. उजळ वजा, काळे वजा, मग मधल्यांच्या वाट्याला उरणार किती? निवड झालेली असते, फक्त कुणाला दिसत नाही. बँकेच्या परीक्षेच्या प्रतीक्षा यादीत मी दोन वर्षं नेमका असाच होतो.

गडद भागांचा मास्क लावून उजेड वाढवला. दोघी बहिणी अंधारातून हळूहळू वर आल्या. पण उजेडाच्या या हिशेबात हिरव्या रंगाला सगळ्यात जास्त वजन आणि निळ्याला सगळ्यात कमी. मावशीचं हिरवं लुगडं बचावलं. आईची निळी साडी अंधारात जमा धरली गेली आणि दुप्पट उजळून धुऊन धुऊन विटल्यासारखी दिसू लागली.

बाबा मागे येऊन उभे राहिले. एके काळी न्हाणीघराच्या खिडकीला काळं कापड ठोकून ते तिथे फोटो छापायचे. बिस्किटाच्या पुड्याच्या पुठ्ठ्याची गोल चकती, तिला सायकलच्या स्पोकची दांडी. एन्लार्जरच्या उजेडात ती चकती चेहऱ्यावर धरायची, म्हणजे तेवढा भाग कमी काळा होतो. आणि सतत थरथरवत ठेवायची, नाहीतर कागदावर चकतीची कड उमटते. बाहेर आई दार ठोठावायची, “अहो, मला आंघोळ करायचीय!” त्या ठोठावण्यामुळेच थरथर छान साधायची, असं बाबा सांगतात.

“किती वेळ झाला तुला?” त्यांनी विचारलं.

“सात तास.”

“मला सात सेकंद लागायचे,” म्हणाले आणि पेपर घेऊन बसले.

मग आईला बोलावलं. तिने चष्मा पुसला, स्क्रीनला नाक लावून बघितलं.

“ही साडी मी दोनदाच नेसलेय रे. एवढी विटली कशी?” आणि मग, “पण हे कुणाचं घर?”

“अगं, तुझं माहेर!”

“छे! आमच्या ओसरीत एवढा उजेड कधीच नव्हता. भर दुपारी तांदूळ निवडायचे तरी उंबऱ्यापाशी जाऊन बसावं लागायचं.”

मी सगळ्या लेयरच्या ग्रुपसमोरचा डोळा मिटला. सोळाही मास्क एकदम गेले. अंगण पुन्हा पांढरंफटक, झोपाळा काळोखात.

“हं, आता कसं!” आई म्हणाली. “ही बघ, ही मी.”

बोट मावशीवर होतं. पेपरामागून बाबांच्या हसण्याचा आवाज आला.