मूळ खंय?

कोकणात एका सात-बाऱ्यावर सतरा नावं असतात आणि सतराही जणांना उरलेल्या सोळांचे हिस्से तोंडपाठ असतात. अळंबी कुठे उगवतात याचा मात्र उतारा मिळत नाही. ती नोंद एकेकाच्या डोक्यात असते. बाप ती मुलाला सांगतो तीही अंथरुणाला खिळल्यावर, आणि तेव्हासुद्धा सून खोलीत नाही ना हे बघून. फणस मागा, दोन देतील. अळंब्यांची जागा विचारा, चांगला ऐकू येणारा माणूस जागच्या जागी बहिरा होतो.

डोंबिवलीत बसून मी या विषयाचा अभ्यास केला होता, त्यात हे कुठेच नव्हतं. बाकी सगळं होतं. वाळवी सुका पाला आणि लाकूड चघळते, आपल्याच विष्ठेचे वाफे वारुळाच्या पोटात रचते आणि त्यांवर बुरशीची शेती करते. ही भागीदारी सुमारे तीन कोटी वर्षं जुनी आहे. माणूस शेतीला लागून जेमतेम दहा-बारा हजार वर्षं झाली. पावसात त्या शेतातून ज्या छत्र्या वर येतात त्या आपली अळंबी. रॉजर हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1942 मध्ये त्यांच्या प्रजातीसमूहाला टर्मिटोमायसिस हे नाव दिलं. धिंगरी आणि बटण अळंबी शेडमध्ये निमूट वाढतात, पण यांना वाळवीशिवाय दुसऱ्या कोणाचीही नोकरी पटलेली नाही. म्हणून रानात जावं लागतं, आणि म्हणूनच बाजारात त्यांचा भाव ऐकून माणूस दोन पावलं मागे सरतो.

अभ्यासाबरोबर साहित्यही जमवलं. युरोपातल्या मंडळींचे व्हिडिओ बघून एक वाकड्या पात्याची सुरी मागवली. तिच्या शेपटाला माती झटकायचा छोटा ब्रश होता. शिवाय एक वेताची टोपली, कारण तिच्या फटींतून बीजाणू सांडत जातात आणि रानाचं भलं होतं म्हणे. सुरी जमिनीलगत चालवायची, देठ स्वच्छ छाटायचा, माती अजिबात हलवायची नाही, असं त्या व्हिडिओतले आजोबा सांगत होते. आजोबांचा चेहरा अत्यंत विश्वासू होता.

सावंतवाडीजवळ आतेच्या गावी पोहोचलो तेव्हा तरणा पाऊस संपून म्हातारा लागला होता. आदल्या दिवशी ढग चांगले गडगडले होते. गडगडाट झाला की अळंबी वर येतात, हे तिथे पोरंही सांगतात. श्रावण तोंडावर आलेला. मासे बंद झाले की भाजलेल्या खोबऱ्याचं वाटप घातलेला अळंब्यांचा रस्सा हाच मालवणी माणसाचा आधार, कारण डोळे मिटून खाल्ला तर आपण व्रत मोडतोय असं वाटतं आणि उघडून खाल्ला तर मोडत नाही.

सकाळी शेजारच्या काकांना विचारलं. “अळमी? ह्या वर्सा खंयची अळमी!” ते म्हणाले. त्यांच्या मागे पडवीत काकी पाटीतल्या पांढऱ्या ढिगावर घाईघाईने इरलं उपडं घालत होती. पुढे एकाने पलीकडचा सडा दाखवला. सड्यावर भेटलेल्याने मी आलो होतो तीच वाडी दाखवली. शेवटी आतेभाऊ म्हणाला, “चल, मी दाखवतंय,” आणि मला काजूच्या बागेत उभं करून “गुरां बघून येतंय” म्हणत गेला तो जेवायच्या वेळेला घरीच सापडला असणार. मला तो त्या दिवशी पुन्हा दिसला नाही.

मग मी एकटाच रानात शिरलो. मोज्यांना तंबाखूचं पाणी लावलं होतं, पण जळवांना तंबाखूचं व्यसन असावं. ओळख पटवून देणारं अॅप फोनमध्ये होतं, रेंज नव्हती. एका फांदीवर नाकासमोर हिरवागार चापडा वेटोळं घालून बसला होता. त्याची ओळख पटवायला मात्र अॅप लागलं नाही. मी उलट्या पावलांनी निघालो तो थेट देवराईत.

तिथे कमरेएवढं वारूळ होतं. माझ्या अभ्यासाप्रमाणे हाच कारखाना. सुरी उघडून मी त्याच्या बुडाशी वाकलो, तोच मागून आरोळी आली, “रे, देवीर सुरी घेवन खंय चललंस?” गुराखी होता. सिंधुदुर्गात आणि गोव्यात सातेरी वारुळाच्या रूपातच पुजली जाते, हे मी वाचलं होतं, पण धर्माच्या प्रकरणात. बुरशीच्या प्रकरणाशी त्याची गाठ पडेल असं पुस्तकात कुठे सुचवलं नव्हतं. मी तिथल्या तिथे नमस्कार केला. सुरी हातातच होती, त्यामुळे तो नमस्कार कमी आणि नवस जास्त वाटला. गुराखी काठी घेऊन माझ्याकडे येऊ लागला तसा मी उताराच्या बाजूने अदृश्य झालो.

यापुढचं वर्णन थोडक्यात करतो, कारण मला स्वतःलाच ते नीट माहीत नाही. पाऊस आडवा लागला होता आणि चष्म्याचा काही उपयोग नव्हता. एका बांधावरून पाय सटकला आणि मी बसल्या बैठकीत बरंच खाली आलो. थांबलो तेव्हा समोर अळंबी होती. शेकड्यांनी. पांढरीशुभ्र, काही अजून मिटलेली, प्रत्येकीच्या डोक्यावर मधोमध टोकदार बोंड. मी आजोबांचं स्मरण करून एकेक देठ जमिनीलगत छाटला, ब्रशने माती झटकली, टोपली भरली. माती तसूभरही हलवली नाही.

मग घरी जावं म्हणून उभा राहिलो आणि घर कोणत्या दिशेला आहे हे ठरवता येईना. एक व्हाळ सापडला. पाणी कुठेतरी माणसांकडे जाणारच म्हणून त्याच्या कडेकडेने चालत राहिलो. तासाभराने साकव आला, तोही भलत्याच गावचा. डांबरी रस्त्याने संध्याकाळी आतेच्या वाडीत शिरलो तेव्हा माझ्या अंगावर चिखल, पायांवर रक्त आणि हातात ओसंडणारी टोपली होती.

घराघरांतून माणसं पुढे आली. “खंय गावली?”

“माहीत नाही,” मी म्हणालो.

सगळे गप्प झाले. मग एकाने सलगीने खांद्यावर हात ठेवला. “वायच दिशा तरी सांग.”

“देवाशपथ माहीत नाही हो.”

लोकांच्या नजरेत माझ्याविषयी एकदम आदर दाटला. इतकी वर्षं मी त्यांच्यासाठी चहात साखर नको म्हणणारा मुंबईकर होतो. आज पहिल्यांदा मी इथल्यासारखा वागत होतो. एक म्हातारे गृहस्थ तर सद्गदित झाले. “शोभतंस खरो बापाशीचो झील!” ते म्हणाले. माझ्या वडिलांनी मरताना जागा मला सांगितली, अशी त्यांची खात्री झाली होती. वडिलांनी मला सांगितल्या होत्या त्या फक्त विम्याच्या हप्त्यांच्या तारखा.

आतेने टोपलीतलं एक अळंबं उचललं, उलटं केलं आणि विचारलं, “मूळ खंय?”

खरी अळंबी जमिनीवर संपत नाहीत. त्यांचं लांबलचक मूळ मातीतून पार वाळवीच्या वाफ्यापर्यंत गेलेलं असतं आणि आतेची परीक्षा तिथे सुरू होऊन तिथेच संपते. ते मूळ मी रानात सुरक्षित ठेवून आलो होतो. बाजू सावरायला मी व्याख्यान दिलं. चांदीचा चमचा काळा पडतो, लसूण रंग बदलते, किडे खातात ते बिनविषारी, या सगळ्या समजुती खोट्या आहेत. सर्वांत जहाल विष उकळूनही मरत नाही. उलट्या सुरू होतात त्या सहा ते बारा तासांनी, कधी त्याहूनही उशिरा. मग दिवसभर माणसाला बरं वाटतं आणि त्यानंतर यकृत जातं. हे मी छाप पाडायला सांगितलं होतं. छाप अशी पडली की आतेने टोपली चुलीजवळून उचलून पडवीच्या टोकाला नेऊन ठेवली.

मी हार मानली नाही. एक छत्री देठावेगळी करून पांढऱ्या कागदावर उपडी ठेवली आणि वर भांडं झाकलं. रात्रभरात बीजाणू खाली झडतात आणि त्यांचा रंग कळतो. हिरवट निघाला तर गवतातली ती फसवी विषारी छत्री, गुलाबी निघाला तर आपली बाजू भक्कम. सकाळी कागदावर गुलाबीसर भुकटीचं सुबक चक्र उमटलं होतं. मी कागद घेऊन नाचतच स्वयंपाकघरात गेलो.

“गुलाबी तर माजा पातळय आसा,” आते म्हणाली. “मूळ हाड.”

तोवर टोपलीतला माल मऊ पडून त्यात अळ्या वळवळू लागल्या होत्या. विज्ञान जिंकलं होतं आणि भाजी गेली होती.

मग आतेची पारई घेऊन मूळ आणायला निघालो. वाडीच्या बाहेर पडतो तर मागे काका, वासरू शोधत. त्यांच्या मागे आतेभाऊ, आज त्याची गुरं माझ्याच वाटेवर चरत होती. शेवटी काकी. मी थांबलो की सगळे थांबत आणि झाडांकडे बघत. दुपारपर्यंत मी त्यांना सगळं रान फिरवून आणलं. बांध सगळे सारखे दिसत होते. दोन-तीन बांधांवरून मुद्दाम घसरूनही पाहिलं. काही मिळालं नाही. परतताना काकीची ओटी मात्र गच्च फुगली होती आणि एका बाजूने टोकदार पांढरं बोंड डोकावत होतं.

“काकी, काय गावलं?”

“टाकळो रे, टाकळो.”

“कुठे?”

“माका काय ठावक नाय,” काकी म्हणाली, आणि माझ्याकडे बघून हसली.

रात्री तिच्याकडून वाडगाभर रस्सा आला. सोबत पानात गुंडाळलेलं एक कच्चं अळंबं होतं, हातभर मुळासकट. आतेने ते मूळ दिव्याखाली धरून टोकापर्यंत पाहिलं आणि वाडगा माझ्यापुढे सरकवला. मी आधी मूळ मागून घेतलं आणि त्याला चिकटलेली माती चष्मा पुसून निरखली. तांबडी होती. अख्ख्या तालुक्याची माती तांबडी आहे.